डेलमारची पत्रकं

मोंटानातल्या ऑर्विल म्हाताऱ्याच्या लिव्हर ओढून काडतूस चढवायच्या जुन्या रायफलीला घरी ओतलेल्या शिशाच्या उघड्या गोळ्या मानवत नसत. नळीत शिसं माखायचं. म्हणून तो प्रत्येक गोळीला ओल्या कागदाचे दोन वेढे द्यायचा. वाळला की कागद गच्च बसे. पण मनाजोगता कागद मिळेना.

त्या वर्षी शेजारचा डेलमार शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याची पत्रकं पातळ आणि चिवट होती. ऑर्विलने गठ्ठाच मागितला, तसा डेलमार हरखला.

"माझा प्रचार करणार तू?"

"लांबवर पोचवतो बघ," ऑर्विल गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

शिकारीच्या आधी ऑर्विल माळावर नेम तपासत होता, तेवढ्यात डेलमार तिथे आला. बार उडाला आणि कागदाचे कपटे भुरभुरत खाली आले. एका कपट्यावर डेलमारच्या छापील फोटोतली अर्धी मिशी होती. त्याने तो उचलून निरखला. ऑर्विलने उगाच घसा खाकरला.

"नेम कसा लागतोय?" डेलमारने विचारलं.

"मधोमध."

"मग उद्या आणखी एक गठ्ठा आणून देतो. पण मताचं काय?"

"ते बायकोला विचारून सांगतो," म्हणत ऑर्विलने पुढची गोळी भरली.