मायच्या खांद्यावरची पांढरी कड

कापलेल्या फोटोची कड साफ करणं हे माझं रोजचं काम. आज मात्र एक कड मी तशीच ठेवली.

मोहाडीत माझा फोटो स्टुडिओ आहे. सकाळी देवाजीकाका आले. त्यांची माय एकोणीसशे ऐंशीच्या आसपास वारली. तिचा भिंतीवरचा फोटो मोठा करायचा होता. म्हणाले, "खांद्याजवळ पांढरी कड दिसते बाई, तेवढी काढून देजो."

फोटो मुळात नवरा-बायकोचा. हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस नको, म्हणून तेव्हाच्या स्टुडिओवाल्यानं ब्लेडनं काकांच्या बाबांना कापून काढलं आणि एकट्या मायला काळ्या कागदावर चिकटवलं. तेव्हा सगळीकडे असंच करायचे.

किती धसमुसळं कापलंय, म्हणून मी त्याच्यावर चिडलेच. मग कॉम्प्युटरवर कड पुसायला फोटो मोठा केला, तर त्या पांढऱ्यात शिवण दिसली. ती बाबांच्या सदऱ्याची बाही होती, मायच्या खांद्याला टेकलेली.

काकांना दाखवलं. ते स्क्रीनजवळ वाकून म्हणाले,

"बाबाचा तोच एक फोटो होता. कापलेला तुकडा कोणी ठेवलाच नाही."

मी विचारलं, "मग कड काढू का, काका?"

"आता कायले काढतेस? आता तर बाबाही गेले. बसू दे दोघाईले जवळ."

मी ती बाही जरा उजळ करून दिली.

तुमच्याही घरी असा हार घातलेला जुना फोटो असेल. आज जरा जवळ जाऊन बघा, खांद्याशी कोणी उरलंय का?