काय खाल्लं, किती, कधीपासून?

"काय खाल्लं? किती? आणि कधीपासून?"

कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाच्या अंगावर पित्त उठलंय असं कळलं की आमच्या शेजारचे काका हे तीन प्रश्न विचारत. याच क्रमाने विचारत, आणि तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत जागचे हलत नसत. तुमच्याही आळीत असा एखादा चौकस माणूस असेल. पण तो बहुधा पहिल्या प्रश्नावरच थांबत असेल.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते निवृत्त होऊन नेवाशाला राहायला आले. एकटेच. नोकरी प्रयोगशाळेतली, त्यातली बरीच वर्षं दूर समुद्रातल्या एका बेटावर गेलेली. मी पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजणारा, त्यामुळे आमचं जमलं. मी विचारलं, "तिथं तुम्ही काय मोजत होता?"

"जेवण," ते म्हणाले.

खरंच मोजायचे. त्या बेटावर एक जुनी खाण होती. तिचा गाळ खाडीत उतरायचा, आणि लोक त्याच खाडीतले मासे आणि शिंपले दोन्ही वेळा खायचे. काका घरोघर जाऊन ताटातल्या माशाचं वजन करत आणि जेवणं झाली की उरलेल्या काट्यांचं. वजाबाकी केली की पोटात गेलेला मासा. त्यात शिसं किती, कॅडमियम किती, आर्सेनिक किती, हे मग प्रयोगशाळेत काढायचं.

"एका जेवणानं काही होत नाही हो. हे अंगात साचत जातं. मग बऱ्याच वर्षांनी त्या गावात कॅन्सर जरा जास्त दिसायला लागतो."

बेटाचं नाव मात्र ते सांगत नसत. "नाव सांगितलं की लोक त्या गावची मुलगी करत नाहीत."

त्यांच्या पत्नी पोटाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. एकदा मी तो विषय काढला.

"ती आवडीने खायची. शिंपले तर फारच," ते म्हणाले. "सगळ्या बेटाची ताटं मोजली. तिचं ताट मोजायचं कधी सुचलं नाही."

"मग त्यामुळेच...?"

"गावाचं सांगता येतं. एका माणसाचं नाही सांगता येत."

त्या गेल्यापासून काकांनी मासा सोडला होता.

बेटाची ही हकिगत त्यांनी एकदा आळीतल्या ओट्यावर सांगितली. दहा-बाराजण ऐकत होते. आता बेटाला नाव नाही, आणि नेवाशात मासा म्हटला की धरणाच्या फुगवट्यातला. चार दिवसांत खाण गळाली, समुद्र गळाला, आणि 'माशानं कॅन्सर होतो' एवढंच बाजारात पोचलं.

फुगवट्यावरून मासे घेऊन येणारी एक मावशी होती. श्रावण संपायची वाट बघून तिने पाटी भरून आणली, तर गिऱ्हाईक फिरकेना. ती तडक काकांच्या दारात आली.

"भाऊ, तुमीच म्हनलात म्हनं, माशात विख हाय?"

"अहो, मी त्या बेटावरच्या..."

"कुठलं बेट? नाव सांगा की!"

काकांनी नुसती मान हलवली.

"बघा! तुमी नाव झाकलं, अन् लोकांनी ते माझ्या पाटीला चिकटवलं. दोन सुना हायेत घरात, त्यांनी काय रांधायचं? तुमचं बेट?"

काकांनी चप्पल घातली. मीही मागे निघालो. बाजारात मावशीच्या शेजारीच एक भजीवाला बसायचा. काकांनी पाटीतली एक मरळ उचलली, तराजूत टाकली, वजन मोठ्याने सांगितलं आणि भजीवाल्याला म्हणाले, "तळून दे."

गर्दी जमली. काका दगडावर बसून खाऊ लागले. हळूहळू, काटे एका बाजूला लावत. मध्येच त्यांचा हात थांबला. डोळे पुसले, तर एकजण म्हणाला, "काका, तिखट हाय का?"

"मीठ कमी आहे," काका म्हणाले.

शेवटी त्यांनी काटे तराजूत ठेवले. मावशी ओरडली, "आवं, माझा तराजू!" काका शांतपणे तराजूचा काटा बघत होते. मग लोकांकडे वळून म्हणाले, "काय खाल्लं, मरळ. किती, ते तुमच्या समोर आहे. कधीपासून, आजपासून. आता दर बाजारी खाणार. बघत राहा."

घरी येताना मी म्हटलं, "पण न तपासता खाल्लात?"

"हो. विष आहे, हेसुद्धा लोकांनी न तपासताच ठरवलं ना?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक मासा बर्फात घालून जुन्या प्रयोगशाळेत पाठवला. महिन्याभराने कळलं, काळजीसारखं काही नाही. तोवर मावशीची पाटी पुन्हा दुपारीच रिकामी व्हायला लागली होती. काका मात्र शब्दाला जागले. दर बाजारी एक मरळ, आणि काट्यांसाठी मावशीने वेगळा, जुना तराजूच ठेवला.

नंतर काही वर्षांनी काका हृदयविकाराने गेले, दुपारच्या झोपेतच.

पुढच्या बाजाराला मी मावशीच्या पाटीशी उभा होतो. एका गिऱ्हाइकाने मासा उचलला आणि परत ठेवला. "मावशे, त्ये काका हेच खायचे ना?"

मावशीने कोयता खाली ठेवला.

"व्हय, हेच खायचे. किती? बाजाराला एक. कधीपासनं? तुज्या थोरल्याचं लगीन व्हायच्या आदीपासनं. आता तू सांग. बिड्या किती वढतो? कधीपासनं?"

माणूस हसला. मासा घेऊन गेला.

मावशीने एक मरळ ओल्या गोणपाटाखाली सारली. शेजारी तो जुना तराजू होता, घासून ठेवलेला. पाटी रिकामी झाली तरी ती मरळ तिने कुणाला दिली नाही.