लाल बटनावरचा हात

आज धातू कापायच्या जुन्या मिलिंग मशीनचं पॅनल उघडलं आणि कूलंटचा, म्हणजे थंड ठेवायच्या तेलकट पाण्याचा, तोच आंबूस वास आला. वीस वर्षांपूर्वी वरोऱ्याच्या आमच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये हे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन धूळ खात पडलं होतं. तिथले जुने मेकॅनिक देवरावभाऊ, त्यांनी त्याचं सगळं वायरिंग नव्यानं केलं. पहिल्यांदा चालवायचं होतं मी. मशीनचं सरकतं टेबल जाऊन आदळलं तर सगळी मेहनत पाण्यात. माझं बोट स्टार्टवर अडलं.

"काऊन भेऊन राह्यली बाई? माहा हात लाल बटनावर हाये. दाबलं का मशीन बंद," भाऊ म्हणाले. हात थरथरत होता. मला वाटलं, वयामुळे.

टेबल करकरत सरकलं आणि जागेवर थांबलं.

आज पाहिलं, तर लाल बटनाचे स्क्रू कोरेच, वायर कधी जोडलेलीच नाही. ते दाबून काहीच थांबलं नसतं, आणि वायरिंग तर भाऊंनीच केलं होतं.