विहीणबाई, एसी आणि कापसाची गोधडी

मंडळी, आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आठव्या महिन्यातल्या मुलीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला सकाळी देडतलाईला तिच्या सासरी गेलो. निघायच्या वेळी विहीणबाईंनी चालू करून ठेवलेल्या गाडीत हात घालून पाहिलं, तर एसीतून गरम हवा!

"भाऊ, भट्टीत बसवून नेता का पोरीला? मी नाही पाठवत."

जावई म्हणाला, "पप्पा, गॅस खतम झाला असेल."

मी म्हटलं, "गॅस संपला असता तर येताना रस्त्यावर थंड हवा आली असती का? गाडी थांबली की गरम, म्हणजे पुढून वारा आत शिरत नाही."

बॉनेट उघडलं. पंखा व्यवस्थित फिरत होता. पण रेडिएटरच्या पुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी असते, तिच्यावर कापसाची गोधडीच! बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत घरोघरी पॉवरलूम. काचेवरची रुई आम्ही रोज पुसतो, जाळीत कोणी डोकावत नाही.

इंजिन थंड होऊ दिलं. मऊ ब्रशने वरून खाली रुई काढली, मग पाण्याची बारीक धार सोडली. जोराची नाही, जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात.

पुन्हा एसी लावून विहीणबाईंनाच आत बसवलं. थोड्या वेळात त्यांनी पदर अंगभर ओढून घेतला.

"न्या आता. पण तिच्या तोंडावर हवा नका सोडू, सर्दी होईल!"

मी कोणत्याही गॅरेजात शिकलेलो नाही, बघून बघून शिकलो. मुलगी आता घरी गाढ झोपली आहे. खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी जाळी न बघताच गॅस भरून घेतला?