कंडक्टरचं ‘काहून’

“काहून गा?” म्हणजे ‘का रे?’, हे दोन शब्द त्याच्या तोंडून तिकिटाच्या आधी निघायचे. कोणी नागपूरचं तिकीट मागितलं की काहून, कोणी मधेच उतरलं की काहून. साकोली-नागपूर गाडीचा हा कंडक्टर. चौकस कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील, पण ह्याला उत्तर मिळाल्याशिवाय घंटीची दोरी ओढवत नसे. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी भंडाऱ्याहून रोज नागपूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला जायचो. त्यामुळे गाडीतल्या सगळ्या दुखण्यांचा जाब तो मलाच विचारी.

त्या वर्षी दोन बाया औषधासाठी यायच्या. एक लाखनीची, दुसरी कारध्याची. दोघींनाही स्तनाचा कॅन्सर, दोघींना सलाइनमधून औषध तेच. लाखनीची सुधारली, धानाच्या रोवणीलाही गेली. कारध्याच्या बाईची गाठ आधी विरघळली आणि चार महिन्यांत परत वाढली.

“औषध एकच ना भाऊ? मंग हिलेच काहून लागू नाही पडलं?”

डॉक्टरांना विचारतो म्हणालो आणि फसलो. रोज गाडी स्टँडवर नीट थांबायच्या आत तो दारातून विचारी, “झालं का विचारून?” शेवटी विचारलंच.

“गाठीतल्या पेशीपासून पेशी होताना आतल्या जनुकांत बदल होतात,” मी त्याला सांगितलं. “एखादीत असा बदल होतो की ती औषध आत टिकूच देत नाही, बाहेर फेकते. बाकीच्या मरतात, ती उरते. मग तिचीच गाठ वाढते.”

तो तिकिटांच्या पेटीवर बोटं वाजवत राहिला. “म्हणजे बदल गाठीत झाला. बाईनं काही केलं म्हणून नाही?”

“नाही.”

“तिची सासू तर सांगून राहिली, हिनं पथ्य मोडलं, चोरून वांगं खाल्लं, म्हणून उलटलं.”

पुढच्या खेपेला मी चढेपर्यंत तो थांबला आणि सुनेसोबत आलेल्या सासूसमोर उभा राहिला. जनुक हा शब्द त्याच्या तोंडात बसेना. तो ‘जाणूक’ म्हणे, आणि पेशी औषध थुंकते असं सांगे. पण अर्धी गाडी ऐकत होती.

“तू डॉक्टर होय का?” सासू म्हणाली.

“नाही मावशी. पण विचारून आलो.” त्याने माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली.

सून खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, “मी खाल्लंच नव्हतं वांगं.”

“खाल्लं असतं तरी फरक नव्हता पडत, बाई,” तो म्हणाला.

नागपूरला उतरताना सासूने सुनेच्या हातातली पिशवी काढून घेतली.

डॉक्टरांनी औषध बदलून पाहिलं. तेही काही महिनेच चाललं. दिवाळीआधी ती गेली.

नंतर एकदा सासू एकटीच लेकीकडे निघालेली दिसली. कंडक्टरने तिकीट फाडून दिलं, विचारलं काहीच नाही. तिने शेजारच्या जागेवरचं गाठोडं मांडीवर घेतलं.

“बस ना गा जरा,” ती म्हणाली.

चालत्या गाडीत बसलेला मी त्याला तेवढाच एकदा पाहिला.