गारपिटीनंतरचं अमिनो

"अगं, हे तर आपण डाळिंबाला मारतो!"

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं आणि मी हातातला आहाराचा कागद घेऊन तिथंच थांबले. नगरच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून मी नुकतीच लागले होते. पडद्याआड एक आजोबा ताकदीच्या प्रोटीन पावडरच्या डब्यावर बोट ठेवून बसले होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण 'अमिनो' हा शब्द फवारणीच्या बाटल्यांवर पाहून पाहून ओळखीचा झाला होता.

खाटेवर त्यांची बायको. आतड्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. "मग मला काय पंपानं मारता का?" त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

आजोबा मात्र खूश झाले. सुप्याजवळ त्यांची डाळिंबाची बाग होती. मला पाहताच म्हणाले, "ताई, गारा पडल्या का झाड खचतं. तवा अमिनो मारायचं. आठ दिसांत पालवी फुटती. तुमचं आमचं शिकशान एकच हाय की."

मी नुसती मान हलवली. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. मराठीत बोलायचं तर आधी वाक्य मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो.

आजोबा निघून जात नसत. बोलता बोलता बायकोचा हात हातात घ्यायचे, पंजा पालथा करून बघायचे, पुन्हा सुलटा करायचे. पानामागं कीड आहे का हे बघावं, तसं. "झाड बोलत न्हाई, बघावं लागतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एकदा माझ्याकडे बोट करून सिस्टरांना म्हणाले, "ही पोरगी बी तशीच. बोलत न्हाई, पण बघती." मला शिष्ट म्हणणारे पुष्कळ भेटले होते. हे असं कुणी म्हटलं नव्हतं.

एका दुपारी मी त्यांना खताचं विचारलं. विचारण्यासारखं दुसरं काही सुचलं नव्हतं. ते म्हणाले, "खत तर पायजेच. फवारणी म्हंजी नुसता आधार. झाड जगतं ते मुळांवर."

आणि खरंच, मी बघत होते. दिवसाला दोन ग्लास पावडर सांगितली होती. पंधरा दिवसांचा डबा सहाव्या दिवशी तळाला गेला होता. खिचडीचं ताट झाकलेलं यायचं आणि झाकलेलंच परत जायचं. आजींनी डोळे उघडले की आजोबा ग्लास पुढे करायचे. "अवो, पोट तट्ट फुगलंय," त्या म्हणायच्या. "घे गं, औंदा गारा लई मोठ्या पडल्यात," ते म्हणायचे.

जखम भरत नव्हती. अंगात ताकद आली नाही तर पुन्हा टाके घालावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी आजोबांनी बायकोचा पंजा तीनदा उलटा करून पाहिला.

डब्याचं मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी बोलले नव्हते. आरशासमोर उभं राहून वाक्यं करून पाहिली. सगळी रागावल्यासारखी वाटत होती. जो माणूस भीतीपोटी सारखा ग्लास ढवळतो, त्याला 'तुमचं चुकतंय' कसं म्हणायचं?

शेवटी त्यांनी पुढचा ग्लास ढवळायला घेतला, तेव्हा मी तो हातातून काढून घेतला आणि बोलले. दोनच वाक्यं.

आजोबांनी ताटावरचं झाकण काढलं, खिचडी बोटांनी मऊ केली आणि पहिला घास आजींना भरवला. तो खायला आजींना किती वेळ लागला! आजोबांनी घाई केली नाही. पुढे दोन ग्लास ठरल्या वेळी, आणि मधे मधे खिचडी, वरण, अंडं. आठवड्याभरात जखमेच्या कडा जुळू लागल्या.

घरी जाताना आजी रिक्षापर्यंत स्वतःच्या पायांनी चालल्या. आजोबा पिशव्या घेऊन मागं, नजर त्यांच्या टाचांवर. दारातून वळून सिस्टरांना म्हणाले, "ही पोरगी एकदाच बोलली बघा."

ते गेल्यावर सिस्टर रिकाम्या खाटेवर नवी चादर घालू लागल्या. "काय गं, असं काय बोललीस त्यांना?"

या वेळी मला वाक्य जुळवावं लागलं नाही.

"म्हटलं, बाबा, फवारणी पुरे झाली. आता मुळांना खाऊ द्या."