लायब्ररी शेवटी लिहायची

आजोबा हल्ली दोन वाक्यं बोलून लगेच फोन माझ्याकडे का देतात, असं तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत. या उन्हाळ्यात काय झालं ते लिहिते.

विमानाच्या पंखांचे आकार काढणारा आजोबांचा एक छोटा प्रोग्राम आहे. निवृत्तीनंतर त्यांनी तो लिहिला आणि कुणीही फुकट वापरावा, हवा तसा बदलावा म्हणून इंटरनेटवर ठेवला. त्यांचा विसरभोळेपणा आता वाढत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात घरी नवा लॅपटॉप आला. जे. पी. नगरच्या आपल्या जेवणाच्या टेबलावर तो मांडून ते म्हणाले, "माझा प्रोग्राम यावर चालता केला, की समज माझं डोकं शाबूत आहे."

त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते सांगत आणि मी टाइप करत असे. प्रोग्रामचे सुटे भाग तयार झाले. ते एकत्र जोडायच्या शेवटच्या पायरीवर मात्र, वर्गमूळ काढणारं फंक्शन सापडत नाही, असा संदेश येऊ लागला. हे फंक्शन गणिताच्या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, असतं, आणि ती लायब्ररी घ्यावी अशी खूण जोडणीच्या आज्ञेच्या ओळीत होतीच. "स्वल्प थांब, सापडेल," असं थोडं थांबायला इथल्या कानडी ढंगात सांगत ते चार दिवस त्या ओळीसमोर बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. लग्नानंतर मी असं पहिल्यांदाच पाहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी ते जरा आडवे झाले होते, तेव्हा मी तो संदेश जसाच्या तसा इंटरनेटवर शोधला. एका जुन्या चर्चेत कुणीतरी एका विद्यार्थ्याला उत्तर दिलं होतं: संगणक ही ओळ डावीकडून वाचत जातो, म्हणून आधी आपल्या फायली लिहाव्यात आणि लायब्ररी शेवटी; काय हवं ते फायलींतूनच कळतं, आणि हातात यादी नसताना दुकानात गेलेला माणूस काय आणणार? उत्तराखाली आजोबांचं नाव होतं.

ते उठल्यावर मी उत्तर वाचून दाखवलं. नाव वाचलं नाही.

"छान समजावलंय या माणसानं," ते म्हणाले. "त्याला आभार कळव."

खूण शेवटी नेली आणि प्रोग्राम चालला. मग मी त्यांनी इंटरनेटवर ठेवलेली मूळ फाईल उघडून पाहिली. तिथे ती खूण शेवटीच होती. सगळ्या खुणा सुरुवातीला एका जागी बऱ्या दिसतात, म्हणून टाइप करताना मीच त्या पुढे आणल्या होत्या, स्वयंपाकघरातले डबे लावते तशा.

"अहो, ती ओळ मी बदलली होती," मी सांगितलं. "चूक तुमची नव्हती."

पडद्यावर उमटलेल्या पंखाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"पण मला ती दिसायला हवी होती ना," ते म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. तेव्हापासून फोनवरही काही चुकायच्या आत ते तो माझ्या हातात देतात.

आभाराची मेल मी पाठवली. ती त्यांच्याच मेलबॉक्समध्ये आहे, अजून न उघडलेली.